विलंब माफीचा अर्ज

माफीसाठी मी आयुष्यात पहिला लेखी अर्ज केला तो प्रांताधिकाऱ्यांकडे. एप्रिल २०२२ मध्ये. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'विलंब माफीचा अर्ज'. अपील करायला उशीर झाला आहे, तो माफ व्हावा. वकील म्हणाले, "बाई, उशिराच्या प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं." मी शाळेत लिपिक आहे, कारणं लिहायची सवय आहे. तारीखवार दीड पान लिहून दिलं.

ज्याच्याविरुद्ध ते अपील होतं त्या सख्ख्या मोठ्या भावाला क्षमा करायला मला त्याहून जास्त उशीर झाला. त्यातल्या बऱ्याच दिवसांचं कारण मला आजही देता येणार नाही.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोन बहिणींनी गेल्या वर्षभरात मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं कसं मिटलं?" दोघींच्या घरी असंच काहीतरी चालू आहे. त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगितलं, आता सलग लिहिते. भावाला विचारूनच लिहिते आहे. "नाव टाकू नको," एवढंच तो म्हणाला.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, तापीच्या काठी. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून घर ख्रिस्ती. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. पगारातून आणि मायच्या पाटल्या मोडून त्यांनी चार एकर वावर घेतलं. आम्ही दोघंच भावंडं. तो १९६८ चा, मी १९७२ ची. लग्नानंतर मी भुसावळला आले, नवरा रेल्वेत. भाऊ गावी, शेतीवर.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बाबा गेले. मृत्युपत्र नव्हतं. मी आठ दिवस राहिले आणि परत आले. कागदपत्रांचं बघायला हवं हे डोक्यातही नव्हतं. मग कोरोना आला.

ऑगस्ट २०२१ मध्ये शाळेतल्या सहकारी मैत्रिणीला तिचा सातबारा ऑनलाइन काढून देत होते. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. तिचा काढला, आणि सहज म्हणून आमच्या गटाचाही काढला. भोगवटादार म्हणून भावाचं आणि मायचं नाव होतं. माझं नव्हतं. मग वारसाचा फेरफार, म्हणजे नावं कशी चढली त्याची नोंद, काढला. डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झालेला. त्यात लिहिलं होतं, मयतास पत्नी व एक मुलगा, याशिवाय अन्य वारस नाही.

'अन्य वारस नाही' हे तीन शब्द मी किती वेळा वाचले त्याचा हिशेब नाही. जमीन गेल्याचं मला त्या दिवशी फारसं काही वाटलं नाही. मी जन्मलेच नव्हते, असं कोणीतरी शपथेवर सांगितलं होतं.

इथे एक कामाची गोष्ट सांगते. घरात कोणी गेलं की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज स्वतः द्यायचा किंवा दिला गेला आहे का ते बघायचं. नुसता सातबारा बघून भागत नाही, फेरफार काढून वाचायचा, खरी गोष्ट तिथे असते. आणि बहीण-भावात कितीही प्रेम असलं तरी हे करायचं. प्रेम असतानाच केलेलं बरं.

मी दुसरी चूक केली ती त्याच रात्री. फोन लावला. तो म्हणाला, "तुले काय कमी शे? तुना लग्नानं देनं मी फेडं." मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पुढची तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. असल्या गोष्टी फोनवर बोलू नका. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि ठेवून द्यायचं बटण फार जवळ असतं.

मायला मी विचारलं नाही. ती त्याच्याकडे राहत होती, आजारी होती. तिचीही सही त्या कागदावर होती, पण तिला कुठे कळणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती गेली. कबरीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. माती देताना त्याने मला हाक मारली नाही. हे मी वहीत लिहून ठेवलं. हो, वही होती. त्याबद्दल पुढे.

एप्रिलमध्ये अपील दाखल केलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २४७ कलमाखाली. मुदत साठ दिवसांची. सुप्रीम कोर्टाने कोरोनामुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, पण माझे साठ दिवस त्याच्या आधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये संपलेले. म्हणून तो विलंब माफीचा अर्ज.

सगळे मला सांगत होते, "२००५ चा कायदा आहे ना, मुलीला समान हक्क." तो हिंदू वारसा कायद्यातला बदल आहे. आपल्याला लागू होतो तो १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा, आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद मुळातच नाही. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. म्हणजे बाबांच्या मागे आम्हा तिघांना एकेक तृतीयांश, आणि माय गेल्यावर तिचा हिस्सा आम्हा दोघांत निम्मा निम्मा. आदिवासी समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांना वेगळे नियम लागू शकतात. नवापूर-नंदुरबारकडच्या आमच्या मंडळींनी वकिलाला आधी तेवढं विचारून घ्यावं.

मी बाबांची मुलगी आहे हे सिद्ध करायला शाळा सोडल्याचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचा उतारा जोडला. उताऱ्यासाठी गावच्या जुन्या मंडळीत दोन चकरा झाल्या. पिवळं पडलेलं रजिस्टर, त्यात शाईने लिहिलेलं माझं नाव, पुढे बाबांचं, मायचं, जून १९७२. सेक्रेटरी काकांनी नक्कल करून शिक्का मारला. मी चर्चच्या पायरीवर बसून तो कागद पुन्हा वाचला. एका कागदावर मी नव्हते आणि एका कागदावर होते.

मग तारखा. जून २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात अकरा तारखा पडल्या, त्यातल्या पाचांवर काहीही झालं नाही. सकाळची सुरत पॅसेंजर पकडायची, अमळनेरला उतरून पुढे काळी-पिवळी, डब्यात भाकरी आणि ठेचा. बाहेरच्या बाकावर बसायचं, समोरच्या बाकावर भाऊ. दोघंही मोबाइलमध्ये बघतोय असं दाखवत होतो. त्याच्या मोबाइलला तिथे रेंज नसायची, हे मला माहीत होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी वाटून घेतात. जुलै २०२२ च्या त्या रविवारी प्रभूची प्रार्थना चालू होती आणि एका ओळीशी माझा आवाज बंद पडला. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यास ऋण सोडले आहे तसे तू आमची ऋणे आम्हांस सोड.' लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली ओळ. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, मत्तयच्या सहाव्या अध्यायात शब्द 'ऋण' असा आहे. लिपिक बाईला ऋण म्हणजे काय ते कळतं. आणि वाक्य 'सोडले आहे' असं आहे. सोडू, सोडायचा प्रयत्न करू, असं नाही. मी सोडलेलं नव्हतं. मी तर त्याच्यावर अपील दाखल केलं होतं. भाकरीचं ताट रांगेतून माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते तसंच पुढे दिलं.

पुढे अडीच वर्षं देत राहिले. शेजारच्या बाईने पहिल्यांदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्या महिन्यापासून पाहणं सोडून दिलं. मंडळीत बोलणं सुरू झालं. एक वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, भेटायला आले, शास्त्र उघडून करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय वाचला. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर खटले कसले करता, त्यापेक्षा अन्याय सोसा, असा त्याचा आशय. मग म्हणाले, "भाऊच आहे ना ताई, सोडून द्या." चहा घेऊन गेले. मी गप्प बसले, पण 'सोडून द्या' याचा अर्थ त्यांच्या लेखी चार एकरातलं माझं वावर एवढाच होता, हे मला कळत होतं. बायकांना क्षमेचा उपदेश करताना लोकांना तो अध्याय बरोबर सापडतो. गणनाच्या पुस्तकातला सत्ताविसावा अध्याय कोणी वाचून दाखवत नाही, जिथे सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात आणि देव म्हणतो, यांचं म्हणणं बरोबर आहे.

पाळकसाहेबांनी, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, मात्र वर्षभर काही म्हटलं नाही. मीच एकदा गेले. त्यांनी लूकच्या बाराव्या अध्यायातली गोष्ट काढली. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वारशाची वाटणी करून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला वाटणी करणारा कोणी नेमलं? "तर ताई, तेही काम माझं नाही," पाळकसाहेब म्हणाले. "वाटणी प्रांत ऑफिसात होऊ द्या. तुमच्या आत जे चाललंय त्याबद्दल बोलायचं असेल तेव्हा या." मला राग आला. मला वाटलं होतं ते माझ्या बाजूने तरी बोलतील, नाहीतर मला रागावतील तरी.

नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल माझ्या बाजूने लागला. जानेवारी २०२४ मध्ये सातबारावर नाव आलं. पुन्हा १५ रुपये भरून उतारा काढला, नाव बघितलं. नवऱ्याने पेढे आणले. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि का लागत नाही तेही कळेना. जिंकल्यावर राग जाईल असं मी धरून चालले होते. तो जागच्या जागी होता. फेब्रुवारीत भावाने वर अपील केलं, तेव्हा खरं सांगते, मला थोडं बरं वाटलं. रागाला पुन्हा काम मिळालं.

२९ मार्च २०२४, शुभ शुक्रवार. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण मांडतात. पाळकसाहेबांनी दोन आठवडे आधी यादी केली आणि पहिला उद्गार माझ्या नावापुढे लिहिला. 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' मी सरळ नाही म्हणाले. ते म्हणाले, "बरं, मग कुठला?" मी पाचवा घेतला, 'मला तहान लागली आहे.' मार्चअखेरच्या भुसावळात या विषयावर कोणीही पाच मिनिटं बोलू शकतं.

पहिला उद्गार मग बारावीतल्या एका मुलाकडे गेला. त्याने तयारी फार केली नव्हती. कागदावर पाहून म्हणाला, "येशू इथे 'मी तुम्हाला क्षमा करतो' असं म्हणत नाही. तो बापाला सांगतो, तू कर. म्हणजे हातात खिळे असताना माणूस एवढंच करू शकतो." आणि खाली बसला. पंख्यांचा आवाज येत होता. माझी पाळी यायला अजून दीड तास होता. त्या दीड तासात मी दुसरं काही ऐकलं नाही.

त्या रात्रीपासून रोज एकच वाक्य म्हणायला लागले. "देवा, तू त्याला क्षमा कर. मला जमत नाही." मनात नसताना म्हणत होते. कधी दात ओठ खात म्हणत होते. माझ्यासारख्या अडकलेल्या कोणाला काही सांगायचं तर एवढंच, जे मनात नाही ते आहे असं देवापुढे दाखवू नका. जमत नाही हेही प्रार्थनेत चालतं.

मे महिन्यात पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, "किती देणं आहे त्याचं?" मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, "मत्तय अठरामधला राजा कर्ज सोडतो, पण त्याआधी हिशेब घेतो. किती आहे तेच माहीत नसेल तर सोडणार काय?" मी म्हटलं, वही आहे माझ्याकडे. ते हसले. पहिल्यांदाच त्यांना माझ्यात काहीतरी आशेचं दिसलं असावं.

वहीत अकरा नोंदी होत्या. खोटं प्रतिज्ञापत्र. फोनवरचे शब्द. मातीच्या वेळी हाक मारली नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आला नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाबा मला माहेरी न्यायला मुराळी पाठवायचे, ख्रिस्ती घर असलं तरी आखाजीचा झोका आणि आमरस आमच्याकडे कधी चुकला नाही, ते बाबांच्या मागे बंद झालं. आणि शेवटी रोख खर्च: वकील, नोटरी, नकला, प्रवास, एकूण ३८,४६० रुपये.

घरी येऊन मी तो दृष्टांत पेन्सिल घेऊन वाचला. पहिल्या चाकराचं कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवस. आमच्याकडे कपाशी निंदायला बाईला ३०० रुपये रोज धरला तर १,८०० कोटी रुपये. राजाने ते सोडलं. मग त्या चाकराने ज्या सोबत्याचा गळा धरला त्याचं देणं शंभर दिनार. शंभर दिवस. ३०,००० रुपये.

माझा आकडा ३८,४६०.

मी कॅल्क्युलेटर बंद केला. पण एक गोष्ट मला त्या हिशेबात आवडली. तीस हजार म्हणजे काही थोडे नाहीत. आमच्या गावात तीन महिने उन्हात वाकलेली बाई ती रक्कम मिळवते. येशूने दुसऱ्या चाकराचं देणं शून्य आहे असं म्हटलं नाही. लोक मला इतकी वर्षं 'एवढं काय त्यात' म्हणत होते, त्याने तसं म्हटलं नाही.

त्याच अध्यायात, दृष्टांताच्या थोडं वर, पायऱ्या दिल्या आहेत. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. अगदी तलाठी, मंडळ अधिकारी, प्रांत यांच्यासारखं. मी पहिली पायरी कधी चढलेच नव्हते, फोनवरून थेट वकिलाकडे गेले होते. बरं एवढंच, की या अपिलाला साठ दिवसांची मुदत नाही.

तरी जायला ऑक्टोबर उजाडला. दोनदा स्टेशनपर्यंत जाऊन परत आले. २० ऑक्टोबर २०२४, रविवार, उपासना बुडवून पॅसेंजर पकडली. कपाशीची वेचणी चालू होती. भाऊ खळ्यात गोणपाट शिवत होता. मला बघून उठला नाही.

"काय काम काढं?"

"बोलायला आले."

"बठ. च्या लेशी का?"

मी वाक्य पाठ करून गेले होते. "तू प्रतिज्ञापत्रात मला नाही म्हटलंस. मला त्याचं फार लागलं. मी ते सोडायला आले." तो बराच वेळ दाभण हातात धरून बसला. मग म्हणाला, सोसायटीचं पीककर्ज काढायचं होतं, सातबारावर जितकी नावं तितक्या सह्या लागतात, तू भुसावळला. आणि मग खाली बघत, "मायनीच सांगेल व्हतं. पोरगी सासरले गई, तिले काय करनं शे वावर."

चहा आला तो मी प्यायले की नाही आठवत नाही. वहिनी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "एक विचारू? त्यांनी दहावीनंतर शाळा कोणासाठी सोडली, कधी विचारलं का तुम्ही?"

विचारलं नव्हतं, कारण मला माहीत होतं. १९८५ मध्ये तो जिनिंगला कामाला लागला आणि मी बोर्डिंगमध्ये राहिले. त्याच्या पगारातून माझी बोर्डिंगची फी जायची. वहीत या नोंदीला जागाच नव्हती. मी नावेची पानं आखली होती, जमेची आखली नव्हती.

इथे मला कोणी म्हणेल, फिटलं मग, बरोबरी झाली. मला तसं वाटत नाही. शाळेच्या हिशेबात एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करता येत नाही, ऑडिटर धरतो. त्याने माझ्यासाठी शाळा सोडली ते एका पानावर राहणार. त्याने मला नाही म्हटलं ते दुसऱ्या पानावर. पहिल्याबद्दल मी त्याचे आभार मानायचे होते, दुसऱ्याबद्दल क्षमा करायची होती. दोन्ही कामं बाकी होती.

आणि मायचं काय करायचं? भावावर तीन वर्षं रागावता आलं कारण तो समोरच्या बाकावर बसायचा. मेलेल्या माणसावर कसं रागवायचं? तो हिवाळा फार वाईट गेला. शाळेत आकड्यांच्या चुका व्हायला लागल्या. भरिताचं वांगं भाजताना तिचा आवाज यायचा, "देठ धर, देठ," आणि मी गॅस बंद करून बाहेर यायचे. पाळकीणबाईंनी मला तिला पत्र लिहायला सांगितलं. लिहिलं, चार पानं. पहिली तीन भांडणाची. चौथ्या पानावर मी लिहिलं की तुझ्याही बापाच्या वावरात तुझं नाव कधी लागलं नाही आणि तू कधी ते मागितलंही नाहीस. त्याच्यापुढे लिहिता आलं नाही. पत्र अजून कपाटात आहे. मायला मी क्षमा केली का, असं विचारलं तर आठवड्यातले बरेच दिवस हो.

डिसेंबर २०२४ मध्ये दुसरी पायरी. पाळकसाहेब, आमचे एक चुलतकाका आणि आम्ही दोघं, भावाच्या ओट्यावर. त्याने अपील मागे घ्यायचं कबूल केलं. मग म्हणाला, "तू माफ करेल शे ना मग? हक्कसोड लिही दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांना तर ते अगदी बरोबर वाटलं. सख्ख्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र, खर्चही फार नाही, एका दिवसात काम. मला पाच मिनिटं लागली. मी म्हटलं, "तुझ्यावरचं ऋण मी सोडलं. हक्क बाबांनी दिलेला आहे, तो सोडणार नाही. वावर तूच कस, निम्म्या बटाईने. हिशेब दे."

तो म्हणाला, "मग काय माफ करं?" मी म्हटलं, "तुझ्याकडे जेवायला आले ना." उत्तर फार चांगलं नव्हतं, पण मला त्या वेळी तेच सुचलं. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मंडळीत पुढे याची चर्चा झाली. ते वडील आजही मला अर्धी क्षमा केलेली बाई समजतात. समजू देत.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. माझ्या भावाने मला कधी हात लावला नाही, म्हणून मी एकटी जाऊ शकले. ज्या बाईला घरात मारहाण होते तिला कोणी पहिल्या पायरीचा दाखला देऊन एकटीला परत पाठवत असेल, तर तिने जाऊ नये. क्षमा लांबूनही करता येते. पोलिसांत तक्रार देऊनही करता येते.

अपील जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं. त्याच्याही दोन तारखा गेल्या, मागे घ्यायलाही तारीख लागते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट आलं तेव्हा मी घेतलं. शेजारच्या बाईने बघितलं आणि पुढच्या गीताचं पान काढून माझ्यापुढे धरलं.

भावाने 'चुकलं' हा शब्द आजपर्यंत म्हटलेला नाही. मी वाट बघते का? बघते. एप्रिलअखेर आखाजीला त्याचा मुलगा मुराळी म्हणून भुसावळला आला, गाडीवर, हेल्मेट न घालता. त्याला मी आधी त्याबद्दल झापलं. गावी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस होता. भाऊ वाढताना माझ्या ताटात दोनदा वाढून गेला आणि एक शब्द बोलला नाही.

गेल्या डिसेंबरात त्याची पहिली हिशेबाची चिठ्ठी आली, व्हॉट्सॲपवर फोटो. कापूस वीस क्विंटल, भाव ७,१००, एकूण १,४२,०००. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी मिळून ७८,४००. खात्यात माझ्या नावे ३१,२०० जमा. मी गणित केलं. ३१,८०० व्हायला हवे होते. सहाशे कमी.

छातीत तेच जुनं काहीतरी हललं. वही कपाटात कुठे आहे ते मला न बघता माहीत होतं. मी अर्धा तास पोळ्या लाटल्या आणि मग फोन केला.

"सहाशे कमी आहेत."

"हमाली आणि गाडीभाडं बाराशे. ते लिहायचं ऱ्हायनं."

"मग लिही."

"लिखं समज."

"समजणार नाही. लिही."

पलीकडे तो हसला. चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. "तुना बापनी तुले क्लार्कच करनं व्हतं," म्हणाला, आणि ठेवून दिला.

संध्याकाळी दुसरा फोटो आला. त्याच चिठ्ठीखाली, वेगळ्या पेनाने: हमाली, गाडीभाडं, १,२००. आणि खाली सही.